हद्द

"मावशी, कुंपणाबाहेरचं गवत कंबरेएवढं वाढलंय. साप निघतात. काढा, नाहीतर दंड बसेल," थेट अंगणात शिरून गावच्या कचेरीतला साहेब म्हणाला.

मावशीचं डोकंच फिरलं. रस्ता रुंद करायचा म्हणून याच साहेबानं गेल्या वर्षी तिची फळांनी लगडलेली लिंबाची झाडं तोडायला लावली होती, कुंपण पार अंगणापर्यंत आत रेटलं होतं. "तुमची हद्द इथवरच, पलीकडचं सगळं आमचं," असं वर बजावलंही होतं. रस्ता झालाच नाही. गवत तेवढं माजलं.

मावशीनं विळा आणून साहेबाच्या हातात कोंबला.



"हद्द झाली तुमची! ते गवत तुमचं, हे अंगण माझं. व्हा आपल्या हद्दीत, आणि लागा कापायला!"