कागदावरचं बाळ

निशिगंधा पाच दिवसांच्या बाळाला घेऊन फोटो लॅबमध्ये आली. “मावशी, बाळ पिवळं छापलंय तुम्ही!”

शकुंतलाबाईंनी मॉनिटर आणि प्रिंटरचे रंग पुन्हा मापून पाहिले. दोन्ही अचूक होते.

“डोळ्यांतली भिंगं काढ बरं.”

“लग्नापासून काढली नाहीत. सगळेच लावतात की!”

“ती माणसांचे चेहरे उजळून दाखवतात गं, कागदावरचे नाही.”

निशिगंधानं भिंगं काढली. बाळाचे डोळेसुद्धा हळदीसारखे पिवळे होते.

“पण काल डॉक्टर म्हणाले, छान गुलाबी आहे!”

दोघी तशाच दवाखान्यात पोचल्या. शकुंतलाबाईंनी डॉक्टरांना भिंगं काढायला लावली. डॉक्टरांनी बाळाला घाईघाईनं काविळीसाठीच्या निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि ते वॉर्डातल्या बाकीच्या बाळांकडे धावले.