नाकावरची साखर

अस्वलाला आमिष लावून मारण्यावर बंदी आणायची की नाही, यावर अमेरिकेतल्या मेन राज्यात मतदान होऊ घातलं होतं. बॉस्टनहून शिकारीला आलेले व्हिटकमसाहेब सकाळी खानावळीत सगळ्यांना ठणकावून सांगत होते, “आमिष लावतो, त्यात लाज कसली?”

त्यांना रानात नेणारी वाटाडी डार्लीन कॉफी संपवत होती. महिनाभर रानातल्या पिंपात साखर घोळलेले शिळे डोनट ओतून तिनंच अस्वलाला चटक लावली होती. संध्याकाळी ते पिंपात तोंड घालून खात असताना साहेबांनी मचाणावरून बार काढला.

“फोटो काढ. आधी ते पिंप बाजूला घे.”

तिनं पिंप झाडामागे लोटलं. साहेब मेलेल्या अस्वलाला टेकून ऐटीत बसले.

“थांबा,” डार्लीन म्हणाली, “त्याच्या नाकावर साखर दिसतेय. तेवढी तुम्हीच पुसा.”

साहेबांनी रुमाल काढला.