दहा हजार वर्षांचं हाड

त्यानं हाड जिभेला लावलं आणि होणाऱ्या सासूबाईंच्या हातातला बिस्किटांचा डबा हातातच राहिला.

"जुनं हाड जिभेला चिकटतं, काकू," तो ओशाळून म्हणाला. "आमच्या संग्रहालयात सगळेच असं करून बघतात."

हे मात्र चिकटलं नाही. चिकटणार कसं? त्याला चक्क लाकडाच्या पॉलिशची चव होती. त्याच्या होणाऱ्या बायकोचे बाबा हाडाचे सुतार. दरवर्षी घरातल्या खुर्च्या-टेबलांबरोबर या तुकड्यावरूनही ते एक हात फिरवत. नदीकाठी सापडलेला तो वीतभर तुकडा शोकेसमध्ये, मधल्या फळीवर, मखमलीच्या तुकड्यावर विराजमान असे. पुढे पुठ्ठ्याची पाटी, लहान मुलाच्या अक्षरात: दहा हजार वर्षं.

"गुडघ्याचं पण बघतोस का रे?" काकूंनी विचारलं.

"आई, तो मेलेल्यांची हाडं बघतो."

"मग माझा गुडघा चालेल त्याला."

तो हसला, पण वरवर. खिशातलं भिंग काढून त्यानं हाडाचं कापलेलं टोक पाहिलं. सरळ, एकसारख्या, अगदी शेजारीशेजारी ओढलेल्या रेघा. विजेची करवत. हाड मेंढीच्या पायाचं, खाटकाच्या दुकानातून निघालेलं.

मघाशी जिन्यात तिनं बजावलं होतं, "बाबा एक हाड दाखवतील. दहा हजारच सांग. पाच वर्षांची असताना मला सापडलं, आणि तो आकडा मीच ठोकून दिला होता. मोठी झाल्यावर कळलं मला, साधंच हाड आहे ते. पण ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात. त्यांचं मन मोडू नकोस, प्लीज." हाड न बघताच तो हो म्हणून बसला होता.

"इथे उजेड कमी आहे," तिचे बाबा उठत म्हणाले. "खिडकीपाशी चला."

खिडकीशी येताच त्यांनी आवाज खाली आणला. "करवतीची रेघ मला कळत नाही होय? पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण पोरीला सांगू नका. दोन्ही हातांत धरून धावत आली होती हो ती. पाटीसुद्धा तिनंच लिहिली. तुम्ही आपलं दहा हजार म्हणा आणि मोकळे व्हा."

लोक सापडलेली हाडं घेऊन त्याच्याकडे प्राचीन हत्तीच्या आशेनं येत आणि बैलाचं हाड घेऊन परत जात. शिव्या खाल्ल्या होत्या त्यानं, पण हाडाचं वय कधी खोटं सांगितलं नव्हतं. आज सांगितलं तर सगळेच खूश होतील. मग पुढे जन्मभर या घरात जेवायला बसायचं आणि समोर शोकेसमध्ये ते हाड. शिवाय ही बाप-लेक त्याला फार आवडली होती. ज्यांच्याशी खोटं बोलू नये अशी माणसं होती ती, आणि नेमकी तीच त्याला खोटं बोल म्हणत होती.

दोघं टेबलापाशी परत आले.

"मग? किती जुनं?" काकूंनी विचारलं.

लेक बाबांकडे बघत होती, बाबा तिच्याकडे. हाडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मेंढीचं आहे," तो म्हणाला. "खाटकानं मशीनवर कापलेलं. फार तर तीस वर्षांपूर्वीचं."

झालं. संपलं लग्न, असं मनाशी म्हणत तो बिस्किटांच्या डब्याकडे बघत राहिला.

"माहीत होतं मला," बाप-लेक एकदमच बोलले.

"तुम्हाला माहीत होतं? मग दरवर्षी पॉलिश कशाला करत होतात?"

"आणि तू? प्रत्येक मैत्रिणीला मिरवत दाखवत होतीस ते?"

"तुमच्यासाठी!"

"अगं, मीही तुझ्यासाठीच!"

"आणि मी," काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं खाटकाकडचं हाड मखमलीवर ठेवून पुसत होते! आता तरी काढा ते तिथून. मला तिथे कप ठेवायचेत."

"नाही!" पुन्हा दोघं एकदम.

मग सगळेच हसत सुटले. काकूंना तर ठसका लागला. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले, शोकेस उघडली, मखमलीवरची एक सुरकुती बोटानं सारखी केली. टेबलावरचं हाड उचलून त्यांनी त्याच्यापुढे धरलं.

"तू ठेव जागेवर," ते म्हणाले. "आणि दोन्ही हातांनी धर रे. दहा हजार वर्षांचं आहे."