जोडलेले हात

सकाळी नऊला ज्येष्ठांसाठी नटनट्यांचे किस्से सांगणाऱ्या चॅनेलवर एका वृद्ध अभिनेत्रीच्या श्रद्धांजलीचा व्हिडिओ झळकला. ती जिवंत होती. असे व्हिडिओ चॅनेलवाला आधीच तयार ठेवायचा. आज चुकून एक सुटला. रडतखडत चाललेल्या चॅनेलला दुपारपर्यंत लाखभर प्रेक्षक मिळाले. मग तिचाच फोन आला. “माफ करा, मावशी, लगेच काढतो.” “राहू दे रे मेल्या, इतकं गोड जिवंतपणी कुणी बोललं नव्हतं.” ती हसली, मग म्हणाली, “कमेंटमध्ये माझ्या मुलानेही हात जोडलेत. त्याला सांगशील, मी आहे म्हणून? माझा फोन तो उचलत नाही.” चॅनेलवाल्याने लावला. मुलाने लगेच उचलला. “तुमच्या आई सुखरूप आहेत, आमचीच चूक झाली.” “बरं,” म्हणून त्याने फोन ठेवला. कमेंटमधले जोडलेले हात संध्याकाळीही तिथेच होते. ‘तो काय म्हणाला?’ हे विचारायला येणारा मावशींचा फोन आता चॅनेलवालाही उचलत नाही.