अडुसष्ट टक्के

दुरुस्तीच्या दुकानात दीपालीनं कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या झटका मशीनचं झाकण उघडून आत दोन चिमटे लावले. चिमट्यांच्या तारा एका हिरव्या बोर्डाला, बोर्डाची तार कंप्युटरला. कलाबाई समोरच्या स्टुलावर बसून होती. मोहगावहून पांढुर्ण्यापर्यंत मशीन मांडीवर घेऊन आल्यानं पाय बधिर झाले होते. घरी जामसांवलीला दर्शनाला जाते म्हणून सांगितलं होतं. नवऱ्यानं, भिवाजीनं, मशीन कडब्याखाली दडवली होती; ती तिथं नाही हे त्याला अजून कळलं नसावं.

"कुठं लावली होती, काकू?"

"संत्र्याच्या बागेले. डुकरं येते ना, बाप्पा."

पडद्यावर आकडे येऊ लागले. अडुसष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट. दीपालीनं चिमटे काढून दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावले. एक. पुन्हा कलाबाईच्या मशीनला लावले. अडुसष्ट.

करंट किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, हे तो बोर्ड मोजतो आणि टक्क्यांत कंप्युटरला सांगतो, असं दीपालीनं समजावलं. चांगली मशीन सेकंदात एकदा, पापणी लवायच्या आत झटका देते, मग गप्प राहते. हिच्यात कोणीतरी हात घातलेला दिसतो.

कलाबाईनं लपवलं नाही. डुकरं झटक्याला मानेनाशी झाली म्हणून आमच्या घरच्यांनी सौसरच्या एका मेकॅनिककडून वाढवून आणली, म्हणाली. आता कशी धरून ठेवते पाहा, असं सांगत खुशीत घरी आले होते.

"धरून ठेवून काय लोणचं घालाचं आहे डुकराचं?" दीपाली म्हणाली. "झटका बसला की जनावर पळालं पाहिजे. मधात करंट बंद राहते, तेवढ्यातच हात सुटते. याच्यात सुटायले वेळच नाही."

"माणूस शुद्धीत असला तरी?"

"शुद्धीत असला तरी."

कलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. शेजारच्या शेतातला विनोद नऊ दिवसांपूर्वी पहाटे त्यांच्या बागेच्या तारेला मूठ आवळून पडलेला सापडला होता. नागपूरला त्याची दोन बोटं कापावी लागली. तो पिऊन होता म्हणून हात सुटला नाही, असं भिवाजीनं चार लोकांत सांगितलं. लोकांनी कलाबाईकडे पाहिलं. ती पहाटेपासून उभी होती, दमली होती, प्रकरण मिटावं असं वाटत होतं. तिनं होकाराची मान हलवली. विनोदची बायको उर्वशी तिथंच उभी होती. हे तर सुपारीही खात नाही, एवढंच ती म्हणाली. ते कोणी मनावर घेतलं नाही.

दीपालीनं स्क्रू ड्रायव्हर उचलला. "एकच पार्ट बदलवाचा आहे. दहा मिनिटांत पहिल्यासारखी करून देते. घरी कोणाले समजणारही नाही."

कलाबाईनं डोळे मिटून घेतले. दीपालीला वाटलं, बाई बसल्या बसल्या झोपली.

"नको," ती म्हणाली. "आहे तशीच राहू दे. त्या आकड्याचा कागद निघते का?"

निघतो, दीपाली म्हणाली. वाचून दाखवते, नीट समजून घ्या.

"मले नको दाखवू. उर्वशीले वाचता येते."

उर्वशी कोण, हे दीपालीनं विचारलं नाही. तिनं तारीख टाकली, अडुसष्ट टक्के लिहिलं आणि बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली.

"मशीन कोणाची? मालकाचं नाव सांगा."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत, नवऱ्याचं नाव नेहमी सोबतचं कोणीतरी सांगायचं. आज सोबत कोणी नव्हतं.

कलाबाईनं नाव सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला, की दीपालीनं कान पुढे केला.

"काय म्हणाल्या, काकू?"

"भिवाजी," कलाबाई मोठ्यानं म्हणाली.