बारेखमोर

कोट्टयमच्या सेमिनरीत मी प्रार्थनेतल्या जुन्या सुरियानी भाषेतल्या शब्दांचे अर्थ शिकवतो. पहिल्या तासाला दरवर्षी एकच शब्द घेतो, बारेखमोर. "म्हणजे, 'प्रभू, आशीर्वाद द्या'. पाद्र्याला कोणी असं म्हटलं, की त्याने आशीर्वाद द्यायचाच. तोवर म्हणणारा मान वर करत नाही."

अम्मची, माझी आई, दर रविवारी दुपारी गावाहून फोन करायची. गुडघे, फणस, शेजारणीची सून, सगळं सांगून झालं की म्हणायची, "बारेखमोर, अच्चन." मी पाद्री झाल्यापासून तीही मला चारचौघांसारखी अच्चनच, म्हणजे फादरच, म्हणायची. मी आपला "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवून द्यायचो.

ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर माझी थोरली बहीण शोशाम्मा भांडी विसळता विसळता म्हणाली, "तू फोन ठेवलास तरी अम्मची रिसिव्हर सोडायची नाही रे. मान खाली घालून तशीच उभी. मी म्हणायचे, अगं, ठेवला त्याने. तर म्हणायची, थांब जरा, अच्चनचं अजून बोलून व्हायचंय."