हॉलिसचं माप

"श्वास सोडा, काका," ब्रेंट म्हणाला आणि त्यानं छातीवरचा पट्टा आणखी बोटभर ओढला.

हॉलिस ग्रबनं श्वास सोडला. पुन्हा घ्यायला जागाच उरली नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला इतकं करकचून बांधतात ते फक्त दवाखान्यात, अशी त्याची समजूत होती. इथं समोर शर्यतीचा पाव मैलाचा सरळ रस्ता होता, टपावर ओहायोतलं भर दुपारचं ऊन होतं आणि कठड्यापलीकडे दोन-तीन हजार माणसं होती. गाडी पंचावन्न सालची, ब्रेंटनं नव्यानं बांधलेली. नाक आभाळाकडे, बूड जमिनीकडे, पोटात नको तेवढं मोठं इंजिन. दारावर सोनेरी अक्षरांत नाव रंगवलेलं, तेही हॉलिसचंच.

पूर्वी अशा गाड्यांना गॅसर म्हणत. नंतर चाळीसेक वर्षं त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. अलीकडे काय वारं फिरलं कोण जाणे, जो उठतो तो गॅसर बांधायला बसतो. बांधणारे सगळे चाळिशीतले. त्यांना तो जमाना पाहिलेला माणूस हवा होता, आणि नाक्यावरच्या हॉटेलात हॉलिस रिकामाच बसलेला होता. "सहासष्ट साली आम्ही..." एवढंच एकदा तो बोलला, आणि पुढं अकरा वर्षं त्याला स्वतःच्या खर्चानं पॅनकेक खावा लागला नाही. कुणी गिअरचं विचारी, कुणी दोन चाकं जोडणाऱ्या ॲक्सलचं. हॉलिस कुणालाच नाही म्हणत नसे.

सहासष्ट साली हॉलिस याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडत होता. शर्यतीच्या गाडीत तो कधी बसलासुद्धा नव्हता. जे कानावर आलं ते तिखटमीठ लावून त्यानं आपल्या नावावर करून घेतलं. तसं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आज तपासणीच्या टेबलावरच्या माणसानं परवाना मागायचा सोडून अदबीनं टोपी काढली, तेव्हा हॉलिसनं मागं वळून फाटक किती लांब आहे ते बघून घेतलं. या गाडीची पहिली धाव काकांच्याच हातची, पुढची चाकं हवेत उचलून, असं ब्रेंटनं भोंग्यावरून जाहीरही करून टाकलं होतं.

"ब्रेंट, सुटताना क्लचवरचा पाय एकदम सोडायचा की हळू?"

"मला काय विचारता? ते मी तुम्हाला विचारायचं!" ब्रेंट खदखदून हसला.

रांगेत पुढे ब्रेंटची बायको जेनेल होती, नव्या पिवळ्या गॅसरमध्ये. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, मी पुढे जाऊन रस्ता तापवून ठेवते. तोवर झोपू नका हं!" आसपासची माणसं हसली. तिची गाडी गुरगुरत सुटायच्या रेषेकडे सरकली.

हॉलिसच्या हातमोज्यात घाम साचला. तीनशे फुटांवर कठडा, कठड्याला टेकून उभी असलेली पोरंबाळं, आणि आपल्या पायाखाली हे जनावर. मरण बरं की बेअब्रू, याचा हिशेब त्यानं दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा मरण महाग पडलं.

"ब्रेंट. इकडे ये. वाक जरा."

ब्रेंट वाकला.

"मी कधी चालवलेली नाही रे. एकदाही नाही. फाटकावर तिकिटं फाडायचो मी. मला बाहेर काढ."

सांगून टाकलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. आता हा शिव्या घालील, नाहीतर लोकांना हाका मारून हसेल. दोन्ही चालण्यासारखं होतं.

ब्रेंटनं शिवी दिली नाही. तो हसलाही नाही. त्याच्या तोंडावरचा रंग मात्र बघता बघता उतरला.

"मग पुढच्या ॲक्सलचं माप?"

"कसलं माप?"

"तुमचं माप! ॲक्सल मागं किती कलता ठेवायचा ते. ॲक्सलबरोबर आलेल्या कागदावर त्याच्या दुप्पट लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, एवढं कशाला, आम्ही निम्मंच ठेवायचो, स्टिअरिंग हलकं राहतं. मी कागद फेकून दिला, काका."

हॉलिसला हॉटेलातली ती सकाळ आठवली. टेबलाभोवती चौघं जण होते, एक तर वहीत लिहून घेत होता. 'निम्मं' हा शब्द त्याला तेव्हा फार रुबाबदार वाटला होता.

"त्यानं काय होतं?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"उचललेली चाकं पुन्हा रस्त्याला टेकतात ना, तेव्हा त्या कलण्यावर गाडी सरळ राहते. कलणं कमी पडलं तर ती कुठंही जाते."

"तू किती गाड्यांना लावलंस हे?"

"दोन. ही एक." ब्रेंटनं मान वळवली. "आणि तिची. तिनं अजून चाकं उचललेली नाहीत. आज पहिल्यांदा उचलणार आहे."

शेवटचे शब्द तो पळता पळताच बोलला. डोक्यावर दोन्ही हातांची फुली करून तो धावत होता. इंजिन बंद करा, अशी ती इथली खूण. पण सुटायच्या रेषेवर मागं वळून कोण बघतो? सगळ्यांचे डोळे दिव्यांवर. इंजिनाच्या गडगडाटात ब्रेंटची हाक त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत तरी पोचली की नाही, देव जाणे.

हॉलिस पट्ट्याशी झटत राहिला. खटका सापडेना.

दिवा हिरवा झाला. पिवळी गाडी उसळली. पुढची चाकं वीतभर उचलली, मग हातभर, मग तिचं नाक आभाळात गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चाकं आता खाली यायला लागली होती, आणि हॉलिस ग्रब उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून विनवत होता की अकरा वर्षांतली आपली एक तरी थाप खरी निघू दे.